अवधाण येण्याआधी शरीरात काय घडतं? उपजत वळणाच्या टी पेशींची ओळख

लातूरच्या कुठल्याही शिकवणी वर्गातल्या बारावीच्या पोराला विचारा, प्रतिकारशक्ती किती प्रकारची? उत्तर तोंडपाठ असतं: जन्मजात आणि उपार्जित. जन्मजात म्हणजे कातडी, अश्रू, जठरातलं आम्ल, जंतू गिळून टाकणाऱ्या पेशी. तिला शिकावं लागत नाही, ती लगेच कामाला लागते, पण या जंतूत आणि त्या जंतूत बारकाईने फरक करणं तिला जमत नाही. उपार्जित म्हणजे बी आणि टी पेशी. त्या एकेका जंतूला नेमकं ओळखतात, लक्षात ठेवतात, पण पहिल्या खेपेला वेळ घेतात. वहीत मधोमध रेघ मारून दोन रकाने भरले की धडा संपला, नीटमध्ये मार्कही मिळाले.

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते आणि हा तक्ता दरवर्षी फळ्यावर काढते. तो चुकीचा नाही. पण त्या मधल्या रेघेवरच काही पेशी बसलेल्या आहेत, आणि गेल्या चाळीस वर्षांत प्रतिकारशक्तीच्या अभ्यासात मला सगळ्यात सुंदर वाटलेले काही शोध त्यांच्याबद्दलचेच आहेत. शास्त्रीय लिखाणात त्यांना ‘इनेट-लाइक टी सेल्स’ म्हणतात. इथे मी त्यांना उपजत वळणाच्या टी पेशी म्हणणार आहे.

त्यांची गरज का पडते हे कळायला आधी नेहमीच्या टी पेशींना उशीर का होतो ते बघू. रानात पायात बाभळीचा काटा मोडला, अर्धा आतच राहिला, की दोन-चार दिवसांनी जांघेत गाठ येते. हात लावला की ठणकते, चालताना पाय ओढावा लागतो. घरातलं कुणीतरी बघून सांगतं, ‘अवधाण आलंय.’ काटा तळपायात आणि गाठ जांघेत, हे कसं? काट्याबरोबर आत गेलेल्या जंतूंचे तुकडे तिथल्या पहारेकरी पेशी उचलतात आणि लसिकावाहिन्यांमधून जांघेतल्या लसिकाग्रंथीत घेऊन येतात. या ग्रंथीतून टी पेशींची सतत ये-जा चालू असते. प्रत्येक टी पेशीच्या अंगावरचा ग्राहक (रिसेप्टर, म्हणजे समोरचा रेणू पकडून ओळखणारा भाग) वेगळा असतो, कारण तो जनुकांचे तुकडे उलटसुलट जोडून तयार झालेला असतो. आजवर न पाहिलेल्या एखाद्या जंतूच्या एका विशिष्ट तुकड्याला जुळणारी टी पेशी साधारण लाखात किंवा दहा लाखांत एक निघते. ती त्या गर्दीत सापडायची, तिची खात्री पटायची, मग ती दुप्पट-चौपट होत हजारोंच्या संख्येत वाढायची. जांघेतली गाठ फुगते ती या थांबवून धरलेल्या आणि वाढत्या पेशींमुळे. त्यानंतर त्या पेशी रक्तात उतरून पायाकडे निघतात. नव्या जंतूच्या बाबतीत या सगळ्याला सहज आठवडा लागतो.

क्षयाच्या जंतूबाबत तर त्याहून जास्त. संसर्ग झाल्यापासून हातावरची मांटू चाचणी उमटायला २ ते ८ आठवडे लागतात. या चाचणीत जी टणक सूज मोजतात ती टी पेशींनीच उठवलेली असते. म्हणजे शरीराच्या नेमक्या ओळखीचा पुरावा मिळायलाच इतके आठवडे जातात. उलट ई. कोलायसारखा जंतू अनुकूल परिस्थितीत २० मिनिटांत एकाचे दोन होतो. पहिल्या काही तासांत धावून येणाऱ्या न्यूट्रोफिल पेशी आणि जंतू गिळणाऱ्या मॅक्रोफेज पेशी जीव तोडून काम करतात, पण बरेच जंतू त्यांना चुकवायला शिकलेले असतात. क्षयाचा जंतू तर मॅक्रोफेजच्या पोटातच घर करतो. मग पहिला दिवस आणि दुसरा आठवडा यांच्यामधली वेळ कोण सांभाळतं?

उपजत वळणाच्या टी पेशी जन्माने टी पेशीच आहेत. छातीच्या हाडामागच्या थायमस ग्रंथीतच त्या घडतात, त्यांचा ग्राहकही जनुकं जोडूनच तयार होतो. पण त्यांचा ग्राहक फारसा बदलत नाही. तो बराचसा ठरलेल्या साच्याचा असतो आणि तुमच्या-माझ्यात जवळजवळ सारखाच असतो. त्यामुळे जुळणारी एक पेशी शोधत बसावं लागत नाही, एकाच ओळखीच्या लाखो पेशी आधीपासून तयार असतात. त्यांतल्या दोन प्रकारांमध्ये (मेट आणि आयएनकेटी, त्यांची ओळख पुढे येईल) थायमसमध्ये असतानाच पीएलझेडएफ नावाचं नियामक प्रथिन कामाला लागतं. त्यामुळे त्या बाहेर पडतात तेव्हाच तयारीच्या असतात. जंतू दिसल्यावर शिकायला ग्रंथीत जाण्याची गरज त्यांना पडत नाही. आणि राहतात कुठे? यकृत, फुफ्फुसं, आतडी, कातडी, म्हणजे जंतू जिथून आत येतात तिथेच.

पण मला या पेशींबद्दल जे खरोखर सांगायचं आहे ते वेगळंच आहे. त्या काय पाहतात, ते.

नेहमीच्या टी पेशी जंतूच्या प्रथिनांचे तुकडे पाहतात. हे तुकडे त्यांना एचएलए नावाच्या रेणूंवर ठेवून दाखवले जातात. एचएलए माणसागणिक बदलतो. किडनी बसवताना जुळवाजुळव करावी लागते ती याचमुळे. जंतूची प्रथिनंही बदलत राहतात. एक अमिनो आम्ल इकडचं तिकडे झालं तरी ओळख पुसली जाऊ शकते. उपजत वळणाच्या टी पेशी बहुतेक वेळा प्रथिनांकडे बघतच नाहीत. त्या जंतूच्या कारखान्यातून सांडणारे बारीक रासायनिक रेणू पाहतात, असे रेणू जे बनवल्याशिवाय त्या जंतूला जगताच येत नाही. शिवारात कुणी अनोळखी माणूस तोंड बांधून ज्वारीत लपला तर चेहरा दिसणार नाही, पण पोटासाठी चूल पेटवावीच लागते आणि धूर लपत नाही. या पेशी धूर पाहतात.

याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण म्हणजे मेट पेशी (MAIT, म्हणजे म्युकोसल-असोसिएटेड इन्व्हेरिएंट टी पेशी). माणसाच्या रक्तातल्या टी पेशींपैकी साधारण १ ते १० टक्के मेट असतात, आणि यकृतातल्या टी पेशींमध्ये हे प्रमाण २० ते ४० टक्क्यांपर्यंतही जातं. आतड्यातून निघालेलं रक्त आधी यकृतातून जातं, म्हणजे आतड्यातून निसटलेल्या जंतूंची पहिली गाठ तिथेच पडते. इतक्या मोठ्या संख्येने असलेल्या या पेशी कितीतरी वर्षं दुर्लक्षित राहिल्या. त्याचं एक कारण अगदी साधं आहे: प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या उंदरांमध्ये त्या फारच थोड्या असतात, आणि या शास्त्रातला बहुतेक अभ्यास उंदरांवरच झाला. मेट हे नावही त्यांना २००३ साली मिळालं.

मेट पेशींना जंतूचा रेणू दाखवण्याचं काम एमआर-१ नावाचं प्रथिन करतं. एचएलएसारखं ते माणसागणिक बदलत नाही. उदगीरच्या माणसात जे, तेच जपानमधल्या माणसात. पण एमआर-१ नेमकं काय दाखवतं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या शास्त्रज्ञांनी हा प्रश्न हाती घेतला. प्रयोगशाळेत एमआर-१ तयार केलं तर ते नीट घडी घालून उभंच राहीना, कारण त्याच्या खोबणीत बसायला काही नव्हतं. पेशी वाढवायला वापरतात ते पोषक द्रावण त्यात घातलं, आणि प्रथिनाची घडी बसली! म्हणजे द्रावणात असलेलं काहीतरी त्या खोबणीत जाऊन बसलं होतं. शोध घेतला तेव्हा ते फॉलिक ॲसिड विघटित होऊन तयार झालेलं एक द्रव्य निघालं. फॉलिक ॲसिड म्हणजे बी-९ जीवनसत्त्व. या द्रव्याने मेट पेशी जाग्या होत नव्हत्या, पण दिशा कळली: एमआर-१ची खोबण जीवनसत्त्वांच्या घराण्यातल्या रेणूंसाठी आहे. मग त्यांनी साल्मोनेला जंतू ज्यात वाढवले होते ते पाणी तपासलं आणि खरा धागा सापडला, बी-२ म्हणजे रायबोफ्लेविन. हे २०१२ साली प्रसिद्ध झालं. २०१४ साली नेमका रेणू कळला. त्याचं नाव ५-ओपी-आरयू. रायबोफ्लेविन तयार होण्याच्या वाटेवर मधेच बनणारा आणि लवकर मोडून जाणारा हा रेणू आहे.

इथे जरा थांबून विचार करण्यासारखं आहे. माणसाला रायबोफ्लेविन बनवता येत नाही. दूध, अंडी, पालेभाज्या यांतून ते घ्यावं लागतं, कमी पडलं की तोंडाच्या कडा फाटतात आणि डॉक्टर बी-कॉम्प्लेक्सची गोळी देतात. असंख्य जीवाणू आणि बुरशी मात्र ते स्वतः बनवतात: क्षयाचा जंतू, साल्मोनेला, क्लेबसिएला, कॅन्डिडा. म्हणजे शरीराच्या आत कुठे रायबोफ्लेविन तयार होण्याचा माग लागला, तर ते काम आपल्या पेशींचं असूच शकत नाही. परक्याची याहून स्वच्छ खूण कोणती असणार? आणि ही खूण पुसायची तर जंतूला आपलं जीवनसत्त्व बनवणंच सोडावं लागेल. (बी-२ची गोळी घेतल्याने मेट पेशी खवळत नाहीत आणि वाढतही नाहीत, कारण त्या तयार जीवनसत्त्व बघत नाहीत, त्याच्या वाटेवरचा अर्धवट रेणू बघतात. वर्गात हा प्रश्न हमखास येतो.)

रेणू दिसला की काही तासांत मेट पेशी गॅमा इंटरफेरॉन, टीएनएफ आणि आयएल-१७ हे इतर पेशींना निरोप देणारे रेणू सोडतात. गॅमा इंटरफेरॉनने मॅक्रोफेज पेशी आपल्या पोटातले जंतू मारायला सरसावतात. आयएल-१७ न्यूट्रोफिल पेशींना बोलावून आणतं. काही मेट पेशी संसर्ग झालेल्या पेशीला थेट मारूनही टाकतात. पण मला त्यांचं दुसरं काम जास्त मोलाचं वाटतं. फ्रान्सिसेला नावाचा एक जंतू फुफ्फुसात शिरतो. उंदरांमधून एमआर-१ काढून टाकलं, म्हणजे मेट पेशी नाहीशा केल्या, आणि त्या उंदरांना हा संसर्ग दिला. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात सुरुवातीचा प्रतिकार तर मंद पडलाच, पण नेहमीच्या टी पेशीसुद्धा फुफ्फुसात उशिरा पोचल्या. मेट पेशी फक्त वेळ मारून नेत नाहीत, मागून येणाऱ्यांना लवकर आणण्याची व्यवस्थाही त्याच करतात. म्हणून दोन रकान्यांमधली ती रेघ मला खटकते. प्रत्यक्ष शरीरात दोन्ही बाजू अशा पेशींच्या हातूनच एकमेकींना जोडलेल्या आहेत.

आता दुसरा प्रकार, गॅमा-डेल्टा टी पेशी. यांची कथा मराठवाड्यातल्या गोठ्यापर्यंत येते.

नेहमीच्या टी पेशींचा ग्राहक अल्फा आणि बीटा अशा दोन साखळ्यांचा असतो. १९८४ साली अमेरिकेत सुसुमु तोनेगावा यांच्या प्रयोगशाळेत या साखळ्यांची जनुकं शोधताना एक तिसरंच जनुक हाती लागलं. त्याला गॅमा म्हटलं गेलं. ते करतं काय, हे तेव्हा कुणाला सांगता येईना. त्यापासून बनणारं प्रथिन पेशींवर सापडलं १९८६ मध्ये. आज आपल्याला माहीत आहे की गॅमा आणि डेल्टा साखळ्या वापरणाऱ्या टी पेशींचं एक वेगळं घराणंच आहे. माणसाच्या रक्तातल्या टी पेशींत त्या साधारण १ ते ५ टक्के असतात. गाई, शेळ्या, मेंढ्या, डुकरं यांच्यात मात्र त्या भरपूर. नुकत्याच जन्मलेल्या वासराच्या रक्तातल्या लिम्फोसाइट पेशींपैकी ६० टक्क्यांपर्यंत गॅमा-डेल्टा असू शकतात. आपली देवणी किंवा लाल कंधारी गाय व्याली की ते वासरू दाव्याला तोंड लावतं, शेणात बसतं, मातीत नाक खुपसतं. इतके जंतू पहिल्याच दिवशी अंगावर येतात आणि नेमकी ओळख ठेवणाऱ्या टी पेशी अजून कामाला लागलेल्या नसतात.

माणसाच्या गॅमा-डेल्टा पेशींचा रक्तातला मुख्य गट एचएमबीपीपी नावाचा रेणू ओळखतो. चरबीसारखी काही आवश्यक द्रव्यं बनवण्याच्या वाटेवरचा हा रेणू. अनेक जीवाणू आणि हिवतापाचा परजीवी ही वाट वापरतात, माणसाच्या पेशी वेगळ्या वाटेने जातात. पुन्हा तीच गोष्ट: जंतूला टाळता न येणारं काम, आणि आपल्यात न होणारं. इथे हा रेणू दाखवण्याची पद्धतही न्यारी आहे. ब्युटायरोफिलिन नावाचं प्रथिन पेशीच्या आवरणात आरपार बसलेलं असतं. त्याचा आतला भाग पेशीच्या पोटातला एचएमबीपीपी पकडतो आणि त्यामुळे बाहेरच्या भागात बदल होतो. गॅमा-डेल्टा पेशी तो बदल वाचते. जंतू पेशीच्या आत दडला असला तरी बाहेरून कळतं.

ब्रुसेलोसिस हा असाच आत दडणाऱ्या जंतूचा आजार. गाय किंवा शेळी दिवस भरायच्या आत गाभडते, वार अडकते, आणि घरचा माणूस हातमोजे न घालता आत हात घालून वार काढतो. किंवा धारोष्ण दूध न उकळता पितो. मग काही दिवसांनी ताप येतो-जातो, रात्री घाम फुटतो, कंबर आणि सांधे धरतात. अशा रुग्णांच्या रक्तात याच गॅमा-डेल्टा पेशींचं प्रमाण बरंच वाढलेलं आढळतं. हिवतापातही तसंच. हा आजार अंगावर काढणाऱ्या शेतकऱ्याला आपल्या रक्तात काय चाललंय हे कळण्याचा मार्ग नसतो, पण त्याच्या शरीराने जंतूचं काम ओळखलेलं असतं. कालवडींना ४ ते ८ महिन्यांच्या वयात ब्रुसेलाची लस देतात, ती चुकवू नये.

या पेशी प्रत्यक्ष ‘दिसण्याची’ एक जागा आहे, आणि ती संसर्गाची नाहीच. हाडं ठिसूळ झालेल्या वयस्कर बायकांना वर्षातून एकदा झोलेड्रॉनिक ॲसिडचं सलाईन लावतात. पहिल्या वेळी अनेकींना एक-दोन दिवसांत ताप येतो, अंग मोडून येतं, फ्लू झाल्यासारखं वाटतं. घरचे घाबरतात, सलाईनमधूनच काही गेलं का म्हणतात. होतं असं की या औषधामुळे आपल्याच पेशींमध्ये आयपीपी नावाचा रेणू साठतो. तो एचएमबीपीपीच्या फार जवळचा. एरवी तो इतका थोडा असतो की गॅमा-डेल्टा पेशी लक्ष देत नाहीत. साठला की त्या जाग्या होतात आणि गॅमा इंटरफेरॉन, टीएनएफ सोडतात. ताप त्याचा. डॉक्टर पॅरासिटॅमॉल देतात, दोन-तीन दिवसांत उतरतो, पुढच्या वर्षी बहुधा इतका येत नाही. अंगात जंतू एकही नसताना, निव्वळ त्याची खूण वाढल्यामुळे आलेला हा ताप आहे.

तिसरा प्रकार आयएनकेटी (इन्व्हेरिएंट नॅचरल किलर टी) पेशींचा. त्या स्निग्ध रेणू ओळखतात, सीडी-१डी नावाच्या प्रथिनावर ठेवलेले. त्यांना सगळ्यात जोरात जागं करणारा रेणू जपानमध्ये समुद्री स्पंजातून मिळाला आणि १९९७ मध्ये त्याचं नातं या पेशींशी जुळलं. माणसात या पेशी थोड्याच असतात, उंदरात जास्त. म्हणून त्यांच्यावर लिहिलं गेलं पुष्कळ, पण माणसापुरतं बोलायचं तर मेट आणि गॅमा-डेल्टा यांचं वजन मला अधिक वाटतं.

विषाणूंचं काय? विषाणू स्वतः काहीच बनवत नाहीत, ना रायबोफ्लेविन ना एचएमबीपीपी. तरीही विषाणूच्या संसर्गात मेट पेशी जाग्या होतात. इतर पेशींनी आयएल-१२ आणि आयएल-१८ सोडले की मेट पेशींना तेवढा इशारा पुरतो, रेणू दिसावा लागत नाही. हा दुसरा रस्ता त्यांना त्यांच्या उपजत वळणाने दिला आहे.

मर्यादाही आहेत. घसा धरायला लावणारा स्ट्रेप्टोकॉकस पायोजेनिस रायबोफ्लेविन बनवतच नाही, त्यामुळे त्या वाटेने तो मेट पेशींना दिसत नाही. क्षय उघड झालेल्या रुग्णांच्या रक्तात मेट पेशी कमी आढळतात. टाइप-२ मधुमेहात आणि लठ्ठपणातही त्या घटलेल्या दिसतात, दारूने यकृत बिघडलेल्यांतही आणि वाढत्या वयातही. मधुमेह असलेल्याला क्षय होण्याचा धोका जास्त असतो हे आपल्याकडच्या प्रत्येक डॉक्टरला ठाऊक आहे. त्याची कारणं अनेक आहेत, पण मेट पेशींची घट त्या यादीत गंभीरपणे तपासली जाते आहे. जन्मतः मेट पेशी नसलेल्या एका रुग्णाची नोंद २०२० साली झाली. त्याच्या एमआर-१ जनुकात बदल होता. या माणसाला चामखिळींचा आणि संसर्गांचा त्रास होता, आणि त्याच्या रक्तात गॅमा-डेल्टा पेशी मात्र नेहमीपेक्षा जास्त होत्या. एका माणसावरून नियम काढता येत नाही. पण या दोन घराण्यांपैकी एक नसेल तर दुसरं जागा भरू पाहतं, असा अर्थ त्यातून निघू शकतो.

जंतू अजिबात नसलेल्या वातावरणात वाढवलेल्या उंदरांत मेट पेशी तयारच होत नाहीत म्हटलं तरी चालेल. जन्मानंतरच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत आतड्यातल्या आणि कातडीवरच्या जीवाणूंकडून त्यांना रायबोफ्लेविनच्या वाटेवरचे रेणू मिळावे लागतात. नंतर जंतू दिले तरी कसर भरून निघत नाही. माणसातही जन्मवेळी मेट पेशी थोड्या असतात आणि पुढच्या काही वर्षांत वाढतात. म्हणजे इतक्या उपजत दिसणाऱ्या पेशींनाही आपल्या अंगावरच्या निरुपद्रवी जंतूंची संगत लागतेच.

मग या पेशींना मुद्दाम वाढवून क्षयाला रोखता येईल का? उंदरांच्या फुफ्फुसात ५-ओपी-आरयू देऊन मेट पेशी भराभर वाढवता येतात, आणि लेजिओनेलासारख्या जंतूंविरुद्ध त्याचा उपयोग झालेला दिसला. क्षयाच्या जंतूने मात्र वेगळंच दाखवलं. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, संसर्गाआधी मेट पेशी वाढवून ठेवलेल्या उंदरांना संरक्षण मिळालं नाहीच, उलट नेहमीच्या टी पेशींची तयारी आणखी लांबली. तोच रेणू संसर्ग जुना झाल्यावर दिला तेव्हा जंतूंची संख्या घटली, आणि ते काम आयएल-१७ च्या जोरावर झालं. म्हणजे क्षयाच्या बाबतीत या पेशींना कधी जागं करायचं हा प्रश्न त्यांना किती वाढवायचं यापेक्षा मोठा निघाला, आणि उंदरात ज्या इतक्या थोड्या असतात त्या पेशींबद्दलचं हे उत्तर माणसात ताडून पाहणं हे पुढचं काम आहे.